उंबरमाळचा परतवाटा

एका राज्यात, जिथे दिवस डोंगरात उगवे आणि समुद्रात मावळे, उदयभान नावाचा राजा होता. त्याची राणी सुलेखा आणि त्याची एकुलती एक कन्या वसुमती. राजा हळव्या मनाचा होता. दारी आलेला माणूस उपाशी परतला असे कळले, तर त्याला स्वतःचा घास गिळवत नसे.

त्या राज्याची जुनी रीत अशी, की सुगी आटोपली म्हणजे गावोगावहून राजधानीला करभार येई. कुणी धान्य आणी, कुणी मीठ, कुणी सोन्याच्या मोहरा, तर कुणाकडून नुसता मध येई. मग चैत्र उजाडला, की त्याच भांडारातून एक हिस्सा गाड्यांत भरून पुन्हा गावोगाव जाई. त्याला परतवाटा म्हणत. त्याचे काय करायचे ते गावाचे पंच ठरवीत. कुठे विहीर खोदली जाई, कुठे धर्मशाळेवर कौले चढत, कुठे सुइणीच्या घरी वर्षाचे धान्य पोचते होई.

पुढे दुष्काळ पडला, आणि तो लागोपाठ पडत राहिला. भांडाराचा तळ दिसू लागला. राणी सुलेखा आपले ताट दासींच्या मुलांपुढे सरकवी आणि मला भूक नाही म्हणून सांगे. तिला ताप भरला, आणि तापात ती गेली. त्या दिवशी राजा एकटाच भांडारात जाऊन उभा राहिला. रिकाम्या भिंतींवरून त्याला आपल्याच श्वासाचा आवाज परत ऐकू आला. तो त्याच्या मनात जो बसला तो बसलाच.

पाऊस पुन्हा नीट पडू लागला, करभार येऊ लागला, पण परतवाट्याच्या गाड्या निघाल्या नाहीत. पंच विचारायला येत. राजा त्यांना मायेने जेवू घाली आणि सांगे, की पुढच्या वर्षी नक्की. यंदा जरा साठू दे. त्यात लबाडी नव्हती. त्याला भीती वाटत होती, एवढेच.

अशी काही वर्षे लोटली. एके दिवशी भर दरबारात एक वृद्धा आली. तिचे नाव बयजा. ती डोंगरातल्या उंबरमाळ गावची मांत्रिका होती. तिने सांगितले, की गावच्या नदीवरचा साकव वाहून गेला. लाकडाचा एवढासा पूल, पण पलीकडे जायची वाट तेवढीच होती. दर चैत्रात ती परतवाटा मागायला आली आणि दर चैत्रात रिकामी परतली. यंदा तिची सून अडली. सुईण पैलतीरावर होती, आणि पाण्यात उतरायला ती धजेना. मूल वाचले, सून वाचली नाही.

राजाचे डोळे भरून आले. तरीही तो म्हणाला, "बयजाबाई, पुढच्या वर्षी."

बयजा शांतपणे म्हणाली, "राजा, तुला जे सोडवत नाही, ते आता तुला सोडणार नाही."

एवढे बोलून ती आल्या पावली निघून गेली. राजा भांडाराकडे गेला आणि बाहेर आला नाही. वसुमती त्याला शोधत आत गेली, तेव्हा धान्याच्या राशींना आणि मोहरांच्या हंड्यांना वेटोळे घालून एक सोनेरी नाग पडला होता. त्याचे डोळे तिच्या वडिलांचे होते आणि आवाजही त्यांचाच होता.

"वसू," तो म्हणाला, "दार लावून घे. वारा आत येतो."

वसुमतीने राज्यकारभार हाती घेतला. पण भांडारातले काही काढायला गेले, की नाग वेटोळे आवळी आणि म्हणे, राहू दे बाळ, पुढे लागेल. दरबारच्या एका मांत्रिकाने सुचवले, की एका मंत्राने नाग भस्म होईल आणि भांडार मोकळे होईल. वसुमतीने त्याला मानाचे वस्त्र दिले आणि वेशीबाहेर पोचवले. ती रोज सकाळी दुधाची वाटी घेऊन आत जाई आणि भरलेली वाटी घेऊन बाहेर येई. नाग काही खात नव्हता. तो विसरत मात्र चालला होता. आधी तो प्रधानाचे नाव विसरला, मग स्वतःचे. एका सकाळी त्याने मान उचलून विचारले, "मुली, तू कुणाची गं?"

ती बाहेर येऊन बागेतल्या जुन्या वडाखाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली.

त्या वडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले, मध्ये चोच मावेल एवढी फट. नर दिवसभर रानात हिंडे, गळ्यात फळे साठवून आणी आणि त्या फटीतून एकेक आत देई. वसुमतीचे रडणे ऐकून तो खालच्या फांदीवर उतरला.

"राजकन्ये," धनेश म्हणाला, "नागाचे वेटोळे कुणाला ओढून सुटणार नाही. ते त्याने आपणहून सैल केले पाहिजे. भ्यालेल्याला आधी कळावे लागते, की आपण सोडले तर ते जाणार कुठे. तू तीन गावी जा. ज्याने सर्वांत जास्त दिले तिथे, जिथे सर्वांत जास्त माणसे राहतात तिथे, आणि ज्याने सर्वांत कमी दिले तिथे. परतवाटा कसा वाटावा, हे त्यांना विचार. काय सांगतील ते घेऊन ये. पण तो तुझ्या आईचे नाव विसरायच्या आत ये."

वसुमतीने घोड्यावर खोगीर चढवले आणि ती निघाली.

सर्वांत जास्त देणारे गाव मोतीबंदर. तिथल्या खडकावर एक शंख होता, हत्तीएवढा. वादळ येण्याआधी तो आपोआप वाजे आणि जहाजांना वाट दाखवी. आता त्याच्या पोटात वाळू बसली होती आणि तो मुका झाला होता. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या फळ्या पडल्या होत्या. नगरशेट मुरारशेट वसुमतीला तिथेच भेटला. त्याचा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात बुडाला होता.

तो म्हणाला, "राजकन्ये, ज्याने जितके दिले तितक्या मानाने त्याला परत द्यावे. आम्ही हात आखडत नाही. पण दिलेल्यातले काहीच परत दिसले नाही, तर पुढच्या वर्षी देताना माणसाचे मन मागे राहते."

वसुमतीला त्यात खोट दिसली नाही. तिने खडकावर जाऊन शंखाला हात लावला, फुटक्या फळ्यांना नमस्कार केला आणि ती पुढे निघाली.

सर्वांत जास्त माणसांचे गाव विशाळपेठ. तिथे इतकी दाटी होती, की गल्लीत माणसांच्या सावल्यांनाही पडायला जागा मिळत नसे. त्या रांगेत थांबून आपापल्या पाळीने पडत. पेठेचे महाजन केशवराव वृद्ध होते. त्यांनी तिला गूळपाणी दिले आणि सांगितले, की हिशोब साधा आहे, तोंडे मोजावी आणि तितके वाटे करावे. मोतीबंदरात मोहरा पुष्कळ असतील, पण तहान मोहरांना लागत नाही, माणसांना लागते.

मग ते तिला पेठेच्या मधोमध एका विहिरीकडे घेऊन गेले. विहीर खोल होती आणि तिच्या पायऱ्या झिजून वाटीसारख्या झाल्या होत्या. केशवराव म्हणाले, की ही विहीर तुमच्या वडिलांनी धाडलेल्या परतवाट्यातून खोदली. दुष्काळात भोवतालच्या सगळ्या गावांच्या विहिरी आटल्या, हिला पाणी राहिले. लोक रात्रंदिवस रांग लावून उभे असत. राजवाड्यातला आड कोरडा पडला, तेव्हा बैलांवर पखाली लादून पाणी राजधानीला जाई ते इथूनच.

"त्या पखाली मीच नेत असे," केशवराव म्हणाले. "महाराणी अखेरचे पाणी प्याल्या, ते या विहिरीचे."

वसुमती पायऱ्या उतरून खाली गेली. ती ओंजळीने पाणी प्यायली, आणि बराच वेळ तिथल्या गारव्यात बसून राहिली. वर आल्यावर तिने महाजनांच्या पायांना हात लावला. ते संकोचून मागे सरले, आणि त्यांच्या मागे त्यांची सावलीही सरली.

मग डोंगर लागला. रस्त्याची पायवाट झाली. तीही एका नदीपाशी संपली. काठावर एक भलेमोठे दगडी तोरण आडवे पडले होते आणि त्याला म्हशी अंग घासत होत्या. साकवाचे दोन खांब तेवढे पाण्यात उभे होते.

वसुमती पाण्यात पाऊल टाकणार, तोच नदी बोलली. "साकवावरून जाणाऱ्याला मी काही मागत नाही. पाण्यातून जाणाऱ्याला मला एक आठवण द्यावी लागते. बारीकसारीक आठवण मी घेत नाही."

वसुमतीने विचारले, की नाही दिली तर? नदी म्हणाली, तर बुडवते. माझा नाइलाज आहे.

वसुमती काठावर बसली. देण्याजोगी एकही आठवण तिला सापडेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि आई तिला हाक मारीत असे, त्या हाकेची आठवण नदीला दिली. पाणी दुभंगले. पैलतीरावर पोचली तेव्हा आपण काहीतरी दिले आहे एवढेच तिला उमगत होते. आईचा चेहरा आठवत होता, ओठ हलताना दिसत होते. त्या ओठांतून काय येई, ते मात्र काही केल्या ऐकू येईना.

उंबरमाळ हे मोजक्या घरांचे गाव. तिथली माणसे बोलता बोलता मध्येच थांबत आणि एकमेकांकडे बघत. मीठ आणायला नदी ओलांडायची, औषधाला ओलांडायची, बाजाराला ओलांडायची. प्रत्येक वेळी एकेक आठवण देऊन देऊन ती आतून रिती होत चालली होती. एका म्हाताऱ्याने वसुमतीला आपल्या बायकोची ओळख करून दिली आणि तिचे नाव तिलाच विचारले. तिने ते न रागावता सांगितले. ती दिवसातून अनेकदा सांगत असावी.

बयजा आपल्या झोपडीपुढे बसली होती. तिच्या मांडीवर तिची नात होती. वसुमतीने आपण कोण ते सांगितले आणि तिच्या पायांवर डोके ठेवले.

बयजाने तिला उठवले. "शाप दिला त्या दिवशी परत येताना नदीने माझ्याकडूनही मागितले," ती म्हणाली. "माझ्याकडे सुनेचा चेहरा तेवढा उरला होता. तो देऊन मी घरी आले. आता या पोरीला तिची आई कशी होती ते सांगायला बसले, की मला काही दिसत नाही. लेकी, शाप देऊन माझ्या हाती काय आले?"

"आजी, तो परत घेता येईल का?"

"नाही. ज्याला सोडवत नाही, त्यानेच सोडले पाहिजे."

मग वसुमतीने आपला प्रश्न विचारला. बयजाने नातीच्या केसांतून हात फिरवला. ती म्हणाली, की आम्ही दिला तो मध, आणि माणसे म्हणशील तर एका चुलीभोवती बसतील एवढी. दिलेल्याच्या मानाने वाटशील किंवा तोंडे मोजून वाटशील, तर आमच्या वाट्याला साकवाचा एक दोरसुद्धा येणार नाही. म्हणून जिथे नदी आडवी आहे, जिथे चढ उभा आहे, तिथे एक मूठ जास्त टाक. "आणि काय बांधायचे ते आम्हाला ठरवू दे. तुझ्या आजोबांनी आम्हाला न विचारता एकदा दगडी तोरण पाठवले होते. ते नदी ओलांडून आणणार कसे, हा विचार कुणी केला नव्हता."

वसुमतीला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले. त्या दिवशी तिने बयजाच्या हातची नाचणीची भाकरी आणि मध खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी ती निघाली. जाताना नदीने तिच्याकडून काही घेतले नाही. जिने आईची हाक दिली, तिला परतीची वाट माफ, असे नदी म्हणाली.

ती राजधानीत पोचली तेव्हा सकाळ होती. ती तशीच धुळीने भरलेल्या पायांनी भांडारात गेली. नागाने मान उचलली. त्याच्या डोळ्यांतली ओळख पुसट झाली होती.

"मुली, तू काही न्यायला आलीस?"

"नाही आबा. बोलायला आले."

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने तिन्ही गावांचे ऐकवले. नाग ऐकत राहिला, आणि मग त्याने पहिला प्रश्न विचारला. "सगळेच मागतात. कुणाला किती द्यावे, हे कुणी सांगावे?"

"तिघांचेही खरे आहे आबा, म्हणून तिघांचेही धरावे. एक वाटा दिलेल्याच्या मानाने, म्हणजे देणाऱ्याचे मन मागे राहणार नाही. एक वाटा माणसे मोजून. आणि एक वाटा जिथली वाट बिकट, त्यांच्यासाठी. कुणालाच सगळे मिळणार नाही. पण कुणी रिकाम्या हाती परतणार नाही."

"आणि त्यांनी उधळले तर?"

"एखादे गाव उधळेलही. मग ते आपसांत भांडेल, पंच बदलेल, पुढच्या चैत्रात शहाणे होईल. आपण तोरण पाठवले, तर ते जन्मभर काठावर पडून राहते."

नागाने मान वेटोळ्यावर टेकवली. मग त्याने हळूच विचारले, अंधारात एखादे मूल विचारते तसे, "आणि पुन्हा दुष्काळ पडला तर?"

"दुष्काळासाठी एक रास इथे राहील आबा. तेवढी तुम्ही राखा. पण मागच्या वेळी भांडार रिकामे झाले, तरी राज्य तगले. कशावर तगले ठाऊक आहे? विशाळपेठेच्या विहिरीवर. ती तुमच्याच परतवाट्यातून खोदलेली होती. आई अखेरचे पाणी प्याली ते त्या विहिरीचे. तुमचे भांडार तेव्हा रिकामे नव्हते. ते गावोगाव भरलेले होते. तुम्हाला ते इथून दिसत नव्हते, इतकेच."

नागाच्या डोळ्यांत पाणी आले. वेटोळे मात्र तसेच राहिले.

वसुमतीजवळ आता सांगण्यासारखे काही उरले नव्हते. ती थकली होती. तिने त्याच्या गार अंगावर डोके टेकले. "आबा," ती म्हणाली, "उंबरमाळला जाण्यासाठी मी आईची हाक नदीला देऊन आले. ती मला काय म्हणायची, ते आता मला आठवत नाही."

नागाने वेटोळे आवळले. त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट उरली होती. बाकी सगळे विसरून त्याने ती उराशी धरली होती. दिली तर आपण अगदी रिते होऊ, असे त्याला वाटले. पण लेकीचे डोके त्याच्या अंगावर होते, आणि ती रडत नव्हती, नुसती पडून होती.

"साळू," नाग म्हणाला. "ती तुला साळू म्हणायची. तू वडाखाली खेळत असायचीस आणि ती वरच्या सज्ज्यातून हाक मारायची. पहिल्यांदा मोठ्याने, आणि तू बघितलेस की मग अगदी हळू. तू हळू हाकेलाच यायचीस."

वसुमतीला हाक ऐकू आली. दोन्ही ऐकू आल्या, मोठीही आणि हळूही. आणि राजाच्या लक्षात आले, की आठवण देऊन टाकली तरी ती आपल्याजवळ होतीच; उलट अधिक स्पष्ट झाली होती. वेटोळे सैल पडले. सोनेरी कात जमिनीवर उतरली आणि तिच्यातून एक कृश वृद्ध माणूस उठून बसला. त्याला थंडी वाजत होती. वसुमतीने आपला शेला त्याच्या खांद्यांवर घातला आणि त्याला पेज भरवली. चार घोट घेतल्यावर त्याने विचारले, की गाड्या तयार आहेत का.

वाटणीच्या दिवशी मुरारशेटने कुरकुर केली, की मोतीबंदराने दिले त्याहून पुष्कळ कमी परत आले. राजाने त्याला विचारले, की तुमच्या जहाजांच्या डोलकाठ्यांचे लाकूड कुठून येते? मुरारशेट थबकला. ते लाकूड उंबरमाळच्या नदीतून वाहत येई. जाताना त्याने आपणहून साकवासाठी दोरखंडाची वेटोळी गाडीवर चढवली. काही दिवसांनी, पोटातली वाळू उपसल्यावर, मोतीबंदरचा शंख पुन्हा वाजू लागला. विशाळपेठेत दोन नव्या गल्ल्या उघडल्या आणि सावल्यांना जरा पाय पसरता आले. राज्याची घडी अशी हळूहळू, एकेका गावी बसत गेली.

उंबरमाळचा परतवाटा घेऊन राजा स्वतः गेला. वसुमती सोबत होती. मोतीबंदरच्या खलाशांनी आधी दोर टाकून सोबत आणलेल्या नावा पार केल्या, म्हणून कुणाला आठवण द्यावी लागली नाही. गावचे पंच उंबराखाली बसले आणि त्यांचा वाद सुरू झाला. कुणाला साकव जुन्याच जागी हवा होता, कुणाला वर, जिथे पात्र अरुंद आहे तिथे. राजा मागे, घोंगडीवर बसला होता. त्याला बांधकामाचे पुष्कळ कळत होते. त्याने बोलण्यासाठी तोंड उघडले. वसुमतीने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्याने तोंड मिटले.

बयजाला पंचांसमोर बोलायचे होते. तिच्या कडेवर नात होती. तिने इकडेतिकडे पाहिले, आणि मग सरळ राजापुढे येऊन उभी राहिली.  राजाने हात पुढे केले. बयजाने पोर त्याच्या हातांत दिली आणि ती बोलायला गेली.

वाद बराच रंगला. पोर राजाच्या छातीशी झोपून गेली. तिची मूठ त्याच्या अंगरख्याला घट्ट धरून होती. राजाने तिला वाऱ्यापासून झाकले आणि तो अगदी न हलता बसला. अखेर साकव वरच्या बाजूला बांधायचे ठरले, आणि बयजा परत आली.

राजाने पोरीची बोटे एकेक करून हळूच सोडवली आणि तिला आजीच्या हातांत दिले.